एका रिंगची खुशाली

हे गेले त्या दिवशी दिवेलागणीला त्यांच्या फोनवर एक रिंग आली आणि थांबली. फोन खिडकीत होता. परत रिंग कोणी दिली नाही.

ती रिंग अकोल्याच्या भाईसाबांची होती. भाईसाब आमच्या नात्यातले नव्हेत, ह्यांचे दोस्त. पण फोन या वस्तूचा इतका विचार केलेला आणि फोनवर इतकं कमी बोललेला माणूस अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा सापडायचा नाही. त्यांच्यापाशी गप्पांना तोटा नव्हता. समोर बसले की सरकीच्या तेलापासून कयामतपर्यंत कुठल्याही विषयावर बोलत. पण फोन कानाला लावला की त्यांचा आवाज घोगरा व्हायचा, पाठ ताठ व्हायची आणि डोळे समोरच्या भिंतीवर असे खिळायचे, की जणू पलीकडचा माणूस भिंतीतून बाहेर येणार आहे. फोनवर बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी वाईट बातमी. चांगल्या बातमीला बोलायची गरज काय? तिला एक रिंग पुरते.

ह्यांची नोकरी अकोल्याला होती, घर अमरावतीला. मी इथल्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करीत असे, मुलाची शाळाही इथलीच, म्हणून आम्ही हललो नाही. हे सोमवारी जायचे आणि शनिवारी यायचे. अकोल्यात जुन्या कापूस बाजाराच्या मागे भाईसाबांचं गादीचं दुकान होतं, त्याच्या वरची खोली ह्यांनी भाड्यानं घेतली होती. खाली दिवसभर कापूस पिंजला जायचा आणि वर ह्यांच्या शर्टाच्या कॉलरवर, चहाच्या कपावर, अगदी घरी आणलेल्या डब्याच्या कडीलासुद्धा कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. शनिवारच्या पॅसेंजरचा भाईसाबांना भरवसा नव्हता. ती मूर्तिजापूरला थांबली की केव्हा हलेल, हे ड्रायव्हरलाही सांगता येत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे साहेब घरी पोचले की नाही ही काळजी त्यांना रात्रीचं जेवू देत नसे. ह्यांना ते 'सायब' म्हणत. हे कचेरीत साधे कारकून होते, पण ज्याच्या खोलीत इस्त्रीची पेटी आहे तो सायब, अशी भाईसाबांची सोपी व्याख्या होती. तेव्हा मोबाईल नवे होते आणि आउटगोइंग महाग. मग असं ठरलं, की ह्यांनी घरी पोचताच एक रिंग द्यायची आणि भाईसाबांनी 'समजलं' म्हणून एक रिंग परत द्यायची. उचलायचं कोणीच नाही.

तशी ही मिस कॉलची रीत आपल्याकडे घरोघर होती. पण भाईसाबांनी तिचं शास्त्र केलं. एक रिंग म्हणजे खुशाल. दोन म्हणजे फोन करा. आणि दीड म्हणजे फोन करा, पण घाई नाही. ही दीड रिंग त्यांची स्वतःची निर्मिती होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. दुसरी रिंग नेमकी अर्ध्यावर कापायला अंगठा तयार असावा लागतो, असं ते म्हणत. त्यांचा अंगठा तयार होता, ह्यांचा कान नव्हता. एकदा रविवारी सकाळी ह्यांना दोन रिंगा ऐकू आल्या. ह्यांनी उलट फोन केला तर उचलेना. हे तसेच चपला घालून निघाले आणि अकोल्याला जाऊन धडकले. भाईसाब दुकानाच्या मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे उलटत बसले होते. 'सायब, मी दीड देल्ली होती,' ते म्हणाले. 'तुमी अर्धी जास्त ऐकली. आता आलेच आहा तं जेवून जा.' हे रागानं पानावर बसले आणि रात्री परतले ते माझ्यासाठी वांग्याच्या भाजीचा डबा घेऊन. दीड आणि दोन यांतला वाद पुढे कधीच मिटला नाही. पण शनिवारची ती एक रिंग हळूहळू रोजची झाली आणि हे रिटायर होऊन कायमचे घरी आले तरी चालू राहिली. भाईसाब मगरिबची नमाज पढून दुकानात येत, टोपी नीट करत आणि एक रिंग देत. इकडे मी देवाजवळ दिवा लावत असे. हे खिडकीशी उभं राहून एक रिंग परत देत आणि म्हणत, 'अकोला खुशाल.'

अशा माणसाला एक दिवस परदेशातून एक रिंग आली. नंबर लांबलचक, पुढे अधिकचं चिन्ह. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, असेल कोणी. पण कोणी आपली खुशाली कळवावी आणि आपण गप्प बसावं, हे भाईसाबांच्या तहजीबमध्ये बसणारं नव्हतं. त्यांनी एक रिंग परत दिली. पण पहिली रिंग पुरी होण्याआधीच तिकडून फोन उचलला गेला आणि एक बाई बोलू लागली. कोणती भाषा ते कळेना. मधून मधून गाणं वाजे, पुन्हा बाई बोले. भाईसाब ताठ बसून ऐकत राहिले. शेवटी फोनमधला बॅलन्स संपला आणि बाई आपोआप गप्प झाली. हा प्रकार ह्यांना कळला तेव्हा ह्यांनी कपाळाला हात लावला. अहो, ही फसवायची युक्ती असते. एक रिंग देऊन सोडून द्यायचं, म्हणजे माणूस उलटा फोन करतो आणि मिनिटामिनिटाला त्याचे पैसे कापले जातात. 'पण तुम्ही ठेवून का नाही दिला?' ह्यांनी विचारलं. भाईसाब दुखावल्यासारखे झाले. 'बाईमाणूस बोलून राहिली होती, सायब. मधातच कसा कापू?'

पैसे गेल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. एक रिंग ही त्यांच्या दृष्टीनं जगातली सगळ्यात सभ्य गोष्ट होती, दारावर हलकेच टकटक करून पुढे निघून जावं तशी, आणि कोणीतरी तिचंच जाळं विणलं होतं. त्यानंतर भाईसाबांनी गाद्यांइतकंच गंभीरपणे हे काम हाती घेतलं. दुकानाच्या पाटीवर 'गाद्या, रजया, तक्के भरून मिळतील' याखाली रंगाऱ्याकडून नवी ओळ लिहून घेतली, 'अनोळखी एका रिंगले उलटा फोन लावू नये.' गिऱ्हाईक गादीचा भाव विचारायचं आणि आधी हा उपदेश ऐकायचं. 'ज्याले काम असते तो कडी वाजवत राहते. चोर कडीले हात लावून पळते, अन् तुमी त्याच्या मांगं धावता. काऊन धावता?' गिऱ्हाईक मान डोलावी. ते तक्के न घेताच जाई.

मग त्यांनी फोनची रजई काढली. खरोखरच रजई. तळहाताएवढी खोळ, आत पिंजलेला कापूस, वर आडव्या-उभ्या टाक्यांची नक्षी आणि तोंडाला दोन बटनं. बटनांची काजं त्यांनी मुद्दाम अरुंद ठेवली होती. रिंग आली की लगेच उलटा फोन लावायची जी उबळ येते, ती बटनं काढता काढता जिरावी, असा त्यामागचा विचार होता. 'एक बटन खोललं का राग जाते, दुसरं खोललं का अक्कल येते,' ते सांगत. त्यांनी ही रजई डॉक्टरला दिली, कंडक्टरला दिली, मोहल्ल्यातल्या लग्नांत नवऱ्या मुलींना आहेर म्हणून दिली. मला जांभळी मिळाली, ह्यांना चौकड्याची. एवढं खरं, की भाईसाबांच्या हातचा कापूस दाट. आत ठेवलेल्या फोनचा आवाज धड बाहेर येत नसे. लोकांना आलेले खरे फोनही ऐकू येईनात आणि त्या मोहल्ल्यात मिस कॉल पूर्वीच्या दुप्पट झाले. हे त्यांच्या कोणी लक्षात आणून दिलं तर ते शांतपणे म्हणत, 'तं मंग काय झालं? ओळखीचे आहेत ना?'

एकदा ते, हे आणि मी अकोल्याहून एस.टी.नं अमरावतीला येत होतो. मूर्तिजापूरला एक तरुण गडी चढला आणि भाईसाबांच्या शेजारी बसला. बस सुटते न सुटते तोच त्याच्या खिशात एक रिंग वाजून थांबली. त्यानं फोन काढला आणि उलटा लावायला सुरुवात केली. भाईसाबांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

'भाऊ, थांबा. एकच रिंग होती.'

'हो ना.'

'मंग लावू नका. लुटतीन तुमाले.'

'अवो काका, सोडा ना हात!'

'आधी नंबर कोणाचा ते सांगा.'

'माह्या सासऱ्याचा आहे!'

'सासरा एकच रिंग काऊन देते?'

'कंजूष आहे ना बाप्पा!' गडी ओरडला आणि सगळी बस हसली. कंडक्टरसुद्धा तिकिटं फाडायची थांबला. भाईसाबांनी हात काढून घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाले, 'तं लावा. पण थोडकंच बोला.' मग भातकुलीच्या फाट्यापर्यंत ते आणि तो गडी सासरे या विषयावर बोलत राहिले, आणि उतरताना त्या गड्याच्या खिशात एक निळी रजई होती.

मला पुस्तकं वाचायची सवय, त्यामुळे विसंगती दिसली की गप्प राहवत नाही. एकदा ते घरी आले असताना मी चहा देता देता विचारलं, 'भाईसाब, एका रिंगला भुलू नका म्हणून सगळ्यांना सांगता, मग तुम्ही स्वतः काऊन रोज एकच रिंग देता?' हे गालात हसले. भाईसाबांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि सावकाश पिऊन टाकला. मला वाटलं, जिंकले. पण निघताना पायरीवर चपला घालता घालता ते थांबले. 'वैनी, त्यायले उलटा फोन पायजे असते. मले फक्त रिंग पायजे. रिंगच्या बदल्यात रिंग. याच्यात कोणाचं काई जात नाई.' एवढं बोलून ते गेले. आमच्या वाचनालयात व्यवहार आणि मैत्री यांतला फरक सांगणारी पुष्कळ पुस्तकं होती. त्यांतलं एकही इतकं लहान नव्हतं.

तर त्या दिवशी रिंग परत गेली नाही. हे दुपारी गेले होते. मुलगा मस्कतला, तो यायचा म्हणून सगळं दुसऱ्या दिवसावर ठेवलं होतं. त्यानं तिथून रात्री भाईसाबांना पुन्हा पुन्हा फोन केले होते, पण त्यांचा फोन रजईत आणि रजई गाद्यांच्या ढिगावर, त्यांना एकही ऐकू गेला नाही. सकाळी पाहिलं तर भाईसाब दारात उभे. टोपी हातात, अंगावर कापसाचे तंतू तसेच. घरात माणसं पाहून त्यांना सगळं कळलं असणार, पण ते मला म्हणाले ते एवढंच, 'रिंग वापस नाई आली, वैनी.' कोणीही न सांगता आलेले ते एकटेच होते. मग ते ह्यांच्या पायाशी बसले आणि दुपारपर्यंत तिथून उठले नाहीत.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. ह्यांची गादी भाईसाबांनीच भरलेली होती. दर दोन-तीन वर्षांनी ते ती अकोल्याला नेत आणि कापूस पिंजून परत भरून आणत. ती कोणाला द्यायची याची चर्चा चालली होती, तेव्हा भाईसाब उठले, गादी गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि खांद्यावर घेतली. 'हे मी नेतो,' ते म्हणाले. कोणी हरकत घेतली नाही. महिन्याभरानं ते पुन्हा आले आणि त्यांनी ह्यांच्या फोनसाठी नवी रजई माझ्या हातात ठेवली. जुन्या चौकड्याच्या खोळीला भोक पडलं होतं. मी म्हटलं, कापूस फार मऊ आहे. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'सायबाच्या गादीतला आहे. कापूस मरत नाई, वैनी. पिंजला का पुन्हा उभा राहते.' आणि लगेच, जणू काही विशेष बोललोच नाही अशा आवाजात, 'मी रिंग देत जाईन. तुमी देसान वापस?' मी मान हलवली.

म्हणून ह्यांचा फोन चालू राहिला. दिवेलागणीला अकोल्याहून रिंग यायची, मी परत द्यायचे. मुलाला हे पटत नव्हतं. 'आई, बाबांचा नंबर बंद करून टाकू,' तो मस्कतहून म्हणायचा. 'नुसते फसवे फोन येतात त्याच्यावर. भाईसाब तुझ्या नंबरवर देतील रिंग.' त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण भाईसाबांच्या फोनमध्ये तो नंबर 'सायब' या नावानं होता आणि त्यांचा अंगठा त्याच नावावर पडायचा. मी मुलाला म्हणायचे, पुढच्या महिन्यात बघू. रोज उठून मला एवढीच धाकधूक असायची, की तो नंबर कोणी न विचारता बंद करेल.

आणि एका संध्याकाळी ह्यांच्या फोनवर नेमका तोच निरोप आला. 'या नंबरची सेवा आज बंद होत आहे. चालू ठेवण्यासाठी ताबडतोब खालील नंबरवर फोन करा.' खाली नंबर. लांबलचक, पुढे अधिकचं चिन्ह. वर्षानुवर्षं भाईसाबांचं व्याख्यान मी ऐकलं होतं, त्याला हसले होते, ते मला पाठ होतं. त्यातलं एक अक्षर मला आठवलं नाही. मला वाटलं, मुलानं काहीतरी केलं. किंवा माझंच काही भरायचं राहिलं. नंबर लांब म्हणून मी तो वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतला आणि हाताला सवय म्हणून फोन रजईत घालून बटनं लावली. मग लक्षात आलं, की फोन करायला तो बाहेर काढायला हवा. त्या फोनवरून परदेशी बोलायची सोय होती, मुलासाठी करून घेतलेली. नंबर लावला असता तर लागला असता.

पहिलं बटन निघालं. दुसरं निघेना. काज नवं, दोरा घट्ट. मी ते नखानं ओढत होते. सुरी आणायला उठणार तेवढ्यात हातातली रजई थरथरली. कापसातून दबलेली एक रिंग आली आणि थांबली.

मी खाली बसले. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग मी दुसरं बटन सावकाश काढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाईसाबांना रिंग न देता फोन केला. त्यांनी लगेच उचलला. मग तो घोगरा, घाबरलेला आवाज.

'वैनी? काय झालं? कोण गेलं?'

'कोणी नाही, भाईसाब. ह्यांचा नंबर बंद होणार म्हणून निरोप आला. फोन करा म्हणतात.'

'कोणाले?'

मी नंबर वाचू लागले. अधिकच्या चिन्हापाशीच त्यांनी मला थांबवलं.

'केला?'

'नाही. बटन निघालं नाही.'

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. 'आत्ता माही रिंग आली का तुमच्याकडं?'

'आली.'

'मंग नंबर चालू आहे ना. बंद नंबराले रिंग जात असते काय? कोणाले फोन नका लावू. पोराले सांगा, तो पायते.' मग म्हणाले, 'अन् आता ठेवा. तुमची रिंग बाकी आहे.'

मी फोन ठेवला आणि एक रिंग दिली. मुलाला दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. त्यानं तिकडूनच चौकशी केली. निरोप खोटा होता, नंबराला काहीही झालेलं नव्हतं. नंबर बंद करायचं त्यानं पुन्हा काढलं नाही. रिचार्ज तोच मस्कतहून करतो.

भाईसाबांचं दुकान आता निम्मं राहिलंय. पुढचा अर्धा भाग त्यांच्या मुलानं घेतला आणि तिथे मोबाईलची कव्हरं विकायला ठेवली, चकचकीत, एका बोटानं उघडणारी. फोमच्या तयार गाद्या आल्यापासून पिंजायला कापूस फारसा येत नाही. भाईसाब मागे बसून रजया शिवतात. पाटीवरची ओळ उन्हानं पुसट झाली आहे, पण ओळखू येते. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून दिवेलागणीला ते फोन छातीशी धरून बसतात, असं त्यांचा मुलगा सांगतो.

गादी गेली, इस्त्रीची पेटी मी देऊन टाकली. ह्यांचा नंबर चालू आहे. संध्याकाळी एक रिंग येते. मी एक रिंग परत देते.